चिमणाबाईंच्या कबुलीची क्लिप

विश्वासरावांना कशाचीच घाई नसते, ही त्यांच्या मातोश्री कौशल्याबाईंची जुनी तक्रार. घराला आग लागली तर आमचा लेक बादलीआधी अर्जाचा कागद शोधील, असं त्या गोत्री भागातल्या आपल्या सोसायटीत येईल त्याला सांगत.

या वेळची आग मोठी होती. कौशल्याबाईंचे यजमान सुभानराव यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या पंगतीत पादरा गावच्या नणंदबाई, चिमणाबाई, मटणाचा रस्सा भुरकता भुरकता बोलून गेल्या, "वहिनी, तुमच्यासारखा रस्सा मला जन्मात जमला नाही." पन्नास वर्षांनी मिळालेली ही कबुली विश्वासरावांच्या कॅमेऱ्यात बंदिस्त झाली होती. आठवड्याभरात चिमणाबाईंनी फोनवर कानांवर हात ठेवले, "मी? मी कशाला असं म्हणेन?" रविवारी त्या जेवायला यायच्या होत्या. टीव्हीवर त्यांना त्यांचंच तोंड दाखवायचं, एवढीच कौशल्याबाईंची इच्छा होती.

विश्वासरावांनी कार्डातली क्लिप कंप्युटरवर उतरवली. चिमणाबाईंनी वाटी तोंडाला लावली आणि चित्र थिजलं, आवाजही तिथंच तुटला. तोंडाच्या जागी हिरवे चौकोन आले.

"आईसाहेब, क्लिप बिघडली असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

"मग नीट कर."

"आधी नोंद."

सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं काढलेल्या विश्वासरावांनी फाइल उघडली. सोमवारी क्लिप फिरून उतरवली. मंगळवारी केबल बदलली. बुधवारपर्यंत प्रत, प्रतीची प्रत अशा अकरा प्रती झाल्या. अकराही ठिकाणी चिमणाबाई हिरव्या. गुरुवारी शहराच्या समा भागातून भाचा अमोघ आला. त्यानं कार्डावर दुरुस्तीचा कसलासा प्रोग्राम चालवला. चित्र सुधारलं, आवाज गेला.

"बिनआवाजाची चिमणा मी आजच बघतेय," कौशल्याबाई म्हणाल्या. "अरे, ज्या कॅमेऱ्यात काढलंस, त्यातच लावून बघ की!"

ही सूचना दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईची असल्यानं फाइलीत शेवटच्या पानावर लागली आणि शनिवारी विचारार्थ आली. कार्ड कॅमेऱ्यात गेलं. कॅमेऱ्यानं विचारलं: 'कार्ड वाचता येत नाही. फॉरमॅट करायचं?' खाली 'हो' आणि 'नाही'. विश्वासरावांनी उभ्या नोकरीत आधी सही केली, मग मजकूर वाचला. त्यांनी 'हो' दाबलं.

"आईसाहेब," ते म्हणाले, "कार्डात आता कोणताही दोष उरलेला नाही."

काहीही उरलेलं नव्हतं.

कौशल्याबाईंनी साक्षीदार शोधायला फोन उचलला. पंगतीला साठ माणसं होती. शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, "बा, हुं तो मारी थाळीनो वीडियो उतारती हती." त्या थाळीचा व्हिडिओ काढत होत्या, तसे व्याही स्वतःचाच फोटो काढत होते. बाकीचे म्हणाले, "क्लिप पाठवा ना, बघून सांगतो." शेवटी त्या सुभानरावांकडे वळल्या.

"मला फोटोसाठी हसायला सांगितलं होतं," सुभानराव म्हणाले. "मी हसत होतो."

उरला एकच. कौशल्याबाईंनी लेकाला समोर बसवलं.

"तू तर तिच्यापासून हातभर होतास. खरं सांग, काय म्हणाली ती?"

विश्वासरावांनी आठवून पाहिलं. "त्या वेळी उजेड कमी पडत होता, आईसाहेब. मी ते बघत होतो."

"बरं. उद्या ती येईल, खोटं बोलेल, पोटभर जेवेल. तिला मी बघून घेते. पण विश्वास, पुढच्या पंगतीला तुझा कॅमेराच तेवढा पाठव. तू घरी बस. तिथं तू तसाही नव्हतास."