जवसाचं तेल आणि नत्थूजींची करंगळी

नत्थूजी घाणेवाले कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढतात, मग सरळ स्वयंपाकघरात शिरतात आणि तेलाच्या बरणीत करंगळी बुडवतात. राम राम त्यानंतर. करंगळी जिभेला लागते, डोळे मिटतात आणि घरची बाई हातातलं काम टाकून निकालाची वाट पाहत उभी राहते.

"शेंगदाना हाय. पन एकटा नाई, संगं पाम हाय."

घरमालक म्हणतो, दुकानदाराने तर शुद्ध म्हणून दिलं. त्यावर नत्थूजींचं उत्तर ठरलेलं. "दुकानदाराले काय इचारता? जिभेले इचारा."

माझ्या मुलीच्या सोयरिकीला मी त्यांना नालवाडीला नेलं, ही माझी चूक. मुलाकडच्यांनी पोहे दिले, भजी दिली. नत्थूजींनी एक भजं मोडलं, करंगळीने पुसून चाखलं आणि भर बैठकीत जाहीर केलं, "हे तेल आज तिसऱ्या डाव तापलं." मी जमिनीकडे बघत बसलो. मुलाच्या आईचा चेहरा त्या तेलापेक्षा जास्त तापला होता. सोयरीक जुळली ती मुलीच्या नशिबाने. आता त्याच विहीणबाई वर्षाचं तेल नत्थूजींकडूनच नेतात आणि दर वेळी मला सांगतात, तुमचा तो माणूस आगाऊ आहे, पण तेल चांगलं देतो.

समुद्रपुरात गावाच्या कडेला, नाल्याला लागून त्यांचा घाणा आहे. लाकडीच, फक्त बैलाच्या जागी मोटर आली. तेल मुख्यतः जवसाचं. फाल्गुनात नवं जवस आलं की पहिल्या तेलाच्या दिवशी ज्याला वाटेल त्याने आपापली भाकर घेऊन यायची. तेल आणि तिखट नत्थूजींचं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो तेव्हापासून जातो आहे. दाराशी एक दगडी पायरी आहे, तिच्यावर त्यांची बायको कमलाबाई बसायच्या. पहिल्या तेलाची पहिली चव त्यांची. त्यांनी मान हलवल्याशिवाय कुणाच्या भाकरीवर थेंब पडत नसे. चार वर्षांपूर्वी त्या आजारात गेल्या. तेव्हापासून त्या पायरीवर कुणी बसलं की नत्थूजी त्याला काहीतरी काम सांगून उठवतात.

तर गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. घाण्यामागच्या आमच्या गल्लीत एकाकडे वास्तुशांत होती. नत्थूजी पिपातून डब्यात तेल काढत होते, तेवढ्यात त्यांना पुऱ्या तळल्याचा वास आला. तोटी तशीच सोडून ते करंगळी बुडवायला गेले. तिथे सोयाबीन की सूर्यफूल यावर आचाऱ्याशी वाद रंगला. परत येईपर्यंत तोटीला जोडलेली दोन्ही पिपं रिकामी झाली होती आणि तेल मोरीतून नाल्यात उतरलं होतं.

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा धावताना पाहिलं. घरातून कवडीचं गाठोडं आणलं. कवडी म्हणजे किडका, पिवळट कापूस, बाजारात ज्याला कुणी विचारत नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहून ते तो कापूस पसरू लागले. सरकीसकट कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो, तेल पितो आणि पाणी मात्र सोडून देतो. पिळायचा, पुन्हा टाकायचा. सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात गेली, पण हे मी एकाही वर्गाला सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत नाला बराचसा निवळला. पण कुणीतरी सकाळीच मोबाइलवर फोटो काढून पाठवला होता. पर्यावरणाच्या ऑफिसातून एक मॅडम आल्या. वयाने लहान, बोलायला नीट. त्यांच्याजवळ तेल सांडल्याचा एकच छापील कागद होता, तो डिझेलच्या डेपोसाठी केलेला. त्यांनी तोच भरला.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. आवारात आग लागण्याच्या धोक्याची पाटी लावा. वाळूच्या बादल्या टांगा. सांडलेलं तेल हा घातक पदार्थ आहे. ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, हा घातक कचरा आहे, ती सीलबंद पिंपात भरून नेमून दिलेल्या ठिकाणी पाठवा. मुदतीत केलं नाही तर घाणा बंद. नत्थूजींनी ही नोटीस वाचली तेव्हा शेजाऱ्याची म्हैस त्यांच्यासमोर तोच घातक कचरा घमेलंभर खाऊन आणखी मागत होती.

"हिले कोनी समजावून सांगा," ते म्हणाले.

नोटीस घेऊन ते माझ्याकडे आले. "सर, घातक म्हंजे इखच ना?"

मी म्हणालो, ही ऑफिसची भाषा आहे, मनाला लावून घेऊ नका. दोन दिवसांनी पुन्हा आले. तोच प्रश्न. चौथ्या वेळी मी चिडलो. म्हटलं, "नत्थूजी, घाणा बंद पडायची वेळ आली आहे आणि तुम्ही एका शब्दाला धरून बसलात."

"घान्याचं पाहू आपन," ते म्हणाले. "तुमी पयले हा शब्द काढाचं पाहा."

मी दोन पानी अर्ज लिहिला. खाद्यतेल आणि खनिज तेल यांचे गुणधर्म, फरक, विनंती. वर्ध्याला त्याच मॅडमसमोर सुनावणी लागली. बसमध्ये नत्थूजींच्या मांडीवर एक पिशवी होती. तीत काय आहे हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मी अर्ज वाचायला उभा राहिलो. पहिल्या परिच्छेदाच्या आतच त्यांनी माझा सदरा ओढून मला खाली बसवलं आणि पिशवीतून ढेप, कवडी, तेलाची बाटली, भाकर असं सगळं मॅडमच्या टेबलावर मांडलं.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "काका, तुमच्या तेलाने मासे मरत नाहीत का?"

नाही म्हणा, मी मनात म्हणालो. देवा, या माणसाला नाही म्हणू दे.

"मरतात ना," नत्थूजी म्हणाले. "पान्यावर तेलाची साय धरली का खालच्या मासोईले हवा भेटत नाई. तीन मेल्या. म्या पाह्यल्या."

मी कपाळावर हात मारून घेतला. आमचा खटला आमच्याच माणसाने बुडवला होता.

"पन मॅडम, इलाज येगळा हाय. डिझेल मातीत गेलं तर जमीन वर्सानुवर्स नासते. माह्यं तेल गेलं तर कापसानं काढा, उरलंसुरलं माती खाऊन टाकते. मले घान्याभवती मातीची पाळ बांधाले सांगा. तोटीखाली टाकं कराले सांगा. सांडलं तर तवाच फोन कराले सांगा. समदं करतो, चूक माही हाय. पन माह्या ढेपीले अन् डिझेलच्या गाळाले एका पिंपात नका बसवू. म्हैस डिझेलचा गाळ खात नाई."

मॅडमनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "हा कागद तुमच्यासाठी नाहीच."

"तुमी कागदाले काऊन इचारता? जिभेले इचारा." त्यांनी भाकर पुढे केली, वर तेल ओतलं.

मॅडमनी भाकरीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तिखट आणलंय का?"

आणलं होतं. पुडीत बांधून.

महिन्याभरात हुकूम आला. खाद्यतेलाच्या घाण्यांसाठी वेगळा तपासणी-कागद तयार झाला होता. पाळ, तोटीखाली टाकं, सांडल्यास फोन, साफ करायला कापूस. ढेप म्हणजे गुरांचा खुराक. आता जिल्ह्यातल्या सगळ्या घाण्यांना तो कागद लागू आहे आणि प्रत्येक घाणेवाल्याला नत्थूजींनी स्वतः जाऊन ते सांगितलं आहे. जाता जाता त्यांच्या पिपांत करंगळ्याही बुडवल्या आहेत.

यंदाच्या पहिल्या तेलाला अख्खं गाव लोटलं. नव्या पाळीला कुणी झेंडूचा हार घातला. विहीणबाई नालवाडीहून आल्या. मॅडमही आल्या, डब्यात स्वतःची भाकर घेऊन. त्यांना नाल्याकाठी नेऊन नत्थूजींनी मासोळ्या दाखवल्या. मी इतका खूश होतो की तीन भाकरी खाल्ल्या आणि दोनच सांगितल्या.

दुपारी लोक पांगले. आम्ही दोघे आत बाकावर बसलो. नत्थूजींनी खिशातून हुकूम काढला. "सर, थे ओळ वाचा."

मी वाचली. "सदर तेल हा मानवी आहारातील पदार्थ असून तो घातक या वर्गात मोडत नाही."

"अजून एक डाव."

वाचली. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावली तेव्हा मी म्हणालो, "काय लावलंय, नत्थूजी? जिंकलात तुम्ही."

ते करंगळीकडे पाहत होते. "कमला सावंगीले दवाखान्यात होती ना. शेवटी शेवटी घास उतरेना तिचा. सिस्टर म्हने, निस्तं तोंड ओलं करा. म्या रोज करंगळीनं तिच्या जिभेले हे तेल लावत होतो. अन् मंग नोटिशीत याच तेलाले तुमचं थे घातक आलं. मले झोप येत नोती, सर. मले वाटे, मीच तर..."

चार वेळा हा माणूस माझ्या दारात तो प्रश्न घेऊन आला होता आणि मी त्याला ऑफिसची भाषा समजावत बसलो होतो. मला माझी फार लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "त्या काही म्हणाल्या का तेलाला?"

नत्थूजींच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं. "म्हने, हे मागच्या वर्साचं हाय."

"होतं का?"

"होतं ना. घाईत जुन्या पिपातलं भरून नेलतं म्या. डोये उघडत नोते तिचे, पन जीभ पक्की."

बाहेर पायरीवर ऊन पडलं होतं. दिवसभराच्या गर्दीतही तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. मी चष्मा पुसला आणि ती ओळ चौथ्यांदा वाचली. या वेळी न सांगता आणि जरा मोठ्याने, पायरीपर्यंत ऐकू जाईल अशी.