मावशींना लेक नाही

लढाई सुरू झाल्यापासून आमच्या शेजारच्या सुभद्रामावशी आपल्याला लेक असल्याचं कबूल करत नाहीत. लेक आहे. तिचं नाव ज्योती, ती नौदलात आहे आणि युद्धनौकेवर आहे. अख्ख्या तेलगावला हे ठाऊक आहे, कारण ती भरती झाली तेव्हा पेढे मावशींनीच वाटले होते.

समुद्रावर निघताना ज्योतीनं बजावलं होतं, "आई, अनोळखी माणसापाशी माझं नाव काढू नकोस." मावशींनी ते पाळलं, फक्त अनोळखी माणसांची यादी वाढवत नेली. आधी गॅसवाला, मग दवाखान्यातर्फे घरोघरी फिरणाऱ्या आशाताई, मग सख्खा दीर.

"वैनी, पोरीला लढाईवर कावून धाडलं?" दिरानं विचारलं.

"कोणती पोरगी? अन् तुमाला कुणी इचारायला लावलं?"

दीर चहा न घेता गेला. भिंतीवरचा ज्योतीचा गणवेशातला फोटो त्याच दिवशी पेटीत गेला.

मी तीस वर्षं वार्ताहर होतो, म्हणून माझ्यावर संशय जास्त. "पेपरवाले, तुमी इचारू नका, मी सांगत न्हाई." जहाज कुठं आहे हे खुद्द मावशींनाही माहीत नव्हतं. तरी ते त्या कसोशीनं लपवत.

तीन आठवडे ज्योतीचा फोन नव्हता. परवा सकाळी आला, पण नव्या नंबरावरून. मी कुंपणाच्या अलीकडे दात घासत होतो. ऐकलं तेवढंच लिहितो.

"कोण ज्योती? मला लेकच न्हाई, बाई... बरं, सांग, माजं माहेर कोणतं?... दिंद्रुड तर समद्यांना ठाऊक हाय. आवाजाची नक्कल करून फसवायलेत आजकाल." फोन ठेवला.

तासाभरानं मावशी माझ्या दारात उभ्या.

"ती रागावली, पेपरवाले. 'आई, असं काय करायलीस' म्हणली. फसवणारा कावून रागवंल?" त्यांनी नंबर पुढे केला. "तुमी लावा. माजं नाव घेऊ नका. निस्तं इचारा, जेवली का."

मी दोनदा लावला. फोन बंद होता. तसं सांगितलं.

मावशींनी बराच विचार केला. "ठग असता तर लगीच उचलला असता," त्या म्हणाल्या. "तीच हुती."

मग माझ्या ओट्यावर बसल्या.

"परत लावा. लागला तर सांगा, तुजी माय हितंच बसली हाय."