पोपटांच्या खुर्च्या

रिहे गावच्या जयसिंगरावांना बायकोला खूश करायची लहर क्वचितच येई, आणि आली की घरातली एखादी वस्तू कामातून जाई. (मागच्या लहरीत मिक्सर गेला होता.) या खेपेला ती आली शेजारच्या फार्महाऊसवर. तिथल्या पुणेकर मालकांनी दोघांना चहाला बोलावलं होतं. त्यांच्या खुर्च्यांच्या गाद्यांना जुन्या जरीच्या साड्यांचं कापड लावलेलं. साधनाबाई त्यावरून हात फिरवत राहिल्या. चहा निवून गेला. येताना एवढंच म्हणाल्या, "आपल्या खुर्च्यास्नी असं कापड लई शोभंल."

आपल्या खुर्च्या म्हणजे साधनाबाईंच्या वडिलांनी लग्नात दिलेल्या दोन सागवानी खुर्च्या. पाठीवर कोरलेले पोपट, आणि खाली फाटक्या तांबड्या रेक्झिनमधून डोकावणारा काथ्या. साधनाबाईंची लग्नातली पैठणीही घड्यांवर विरली होती. "हिचं कायतरी करायला पायजे," असं त्या दर दिवाळीला म्हणत. जयसिंगरावांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. (त्यांनी जोडलेल्या गोष्टी सहसा टिकत नसत, पण ते असो.)

साधनाबाई माले गावी माहेरी गेल्या, तशी त्यांनी ट्रंक उघडली, पांढऱ्या धोतरात गुंडाळलेली पैठणी काढली आणि खुर्च्यांसकट टेम्पोत टाकून पौडला गाद्यावाल्या किशोरकडे नेली.

किशोरनं पदर उलगडला. जांभळी साडी, आणि पदराच्या जरीत विणलेले हिरवेगार पोपट.

"काका, नक्की कापू? घरात विचारलंय ना?"

"आरं, घरात इचारून केलं तर सरप्राईज कसलं? काप बिनधास्त!"

खुर्च्या घरी आल्या तेव्हा पाठीवरचे लाकडी पोपट उडून गादीवर येऊन बसल्यासारखे दिसत होते. जयसिंगराव कौतुकाची वाट बघत दारात उभे राहिले. माहेराहून आलेल्या साधनाबाईंनी खुर्च्या बघितल्या आणि त्या तिथंच खाली बसल्या.

"अवं, ही माझी न्हाई! माझी हिरवी हाय! लग्नात बघितली न्हाई का तुमी?"

"लग्नात मी तुझ्या तोंडाकडं बघत व्हतो."

(एरवी त्या लाजल्या असत्या. आज सवड नव्हती.)

"ही सासूबाईंची! वन्सं ठिवून गेल्यात. लेकीच्या, किमयाच्या लग्नात नेसणार हायेत!"

वन्सं म्हणजे जयसिंगरावांची धाकटी बहीण आशालता, जवळच्याच चांदे गावात दिलेली. तिच्या नव्या फ्लॅटच्या भिंतींना ओल धरते म्हणून आईची पैठणी माहेरच्या ट्रंकेत होती. लहानपणी प्रत्येक लग्नात जिलबीचे हात ज्या पदराला पुसले, तोच जयसिंगरावांना ओळखता आला नव्हता.

पुढं काय करावं हे ठरायच्या आतच अंगणात हाक आली, "वैनी!" आशालताच. घरात खुर्च्या झाकायला चादर शोधायलाही वेळ नव्हता. नवराबायको एकेका खुर्चीवर ऐसपैस बसले.

"वैनी, च्या टाका की."

"पाय मुरगळलाय वं माझा."

"मग दादा, तू टाक."

"माझा बी मुरगळलाय."

"दोघांचा?"

"एकदमच," जयसिंगराव म्हणाले.

"बरं, बसा. मीच टाकते. आन ट्रंकेतनं आईची पैठणी बी घेते."

"नको!" जयसिंगराव मुरगळल्या पायावर टुणकन उठून ट्रंकेला आडवे गेले, आणि मागं खुर्चीत पोपट उघडे पडले.

आशालता बघतच राहिली. जयसिंगरावांनी "मी—" म्हणायला तोंड उघडलं, पण साधनाबाई मध्ये आल्या. "वन्सं, मीच केलं. माझ्याच मनात आलं. ह्यांना कायबी ठावं न्हाई."

"अगं, पर मी—"

"तुमी गप बसा!"

आशालता हळूच खुर्चीत टेकली. पदरावरून हात फिरवताना तिचे डोळे भरून आले.

"नेसायचा धीरच व्हत न्हवता मला," ती म्हणाली. "नेसले की आई न्हाई ह्येच ध्यानात येतं. हितं बसले तर तिच्या मांडीवर बसल्यागत वाटतंय." नाक ओढून तिनं भावजयीचा हात धरला. "वैनी, किमयाला आन जावयाला ह्याच खुर्च्यांवर बसवायचं. आजीच्या मांडीवर. उरलेल्या कापडाचा अंतरपाट करू."

साधनाबाई मग इतक्या रडल्या की शेवटी चहा जयसिंगरावांनाच करावा लागला. (साखर राहिली. तिघांनी तसाच संपवला.)

लग्नात मांडववाल्याची सोनेरी सिंहासनं कोपऱ्यात गेली आणि सगळे पोपटांच्या खुर्च्यांचे फोटो काढू लागले. आशालतानं माईकवर सांगितलं, "ही सगळी आमच्या साधनावैनींची आयडिया!" टाळ्या पडल्या.

जयसिंगराव बायकोच्या कानाशी वाकले. "आता तरी सांग की, मुळात आयडिया माझी व्हती म्हणून."

साधनाबाईंनी त्यांचा कललेला फेटा मायेनं सरळ केला. "सांगते की. पर मग कुणाची समजून कापली, त्ये बी सांगावं लागंल."

तेवढ्यात फार्महाऊसच्या बाई आल्या. "काय कलात्मक नजर आहे हो तुमच्या मिसेसची! तुमचीही मदत झाली असेल ना?"

"झाली की," जयसिंगराव म्हणाले. "टेम्पोत मीच चढवल्या."