आणखी एकजण

आमच्या खालच्या मजल्यावरचे आव्हाड अण्णा घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी पुस्तक वाचायला लावतात. सगळं पुस्तक नाही, एक पान. त्या पानातलंही एकच वाक्य. माणूस चपला काढत असतो, एक पाय अजून चपलेत असतो आणि अण्णा समोर पुस्तक धरून उभे. "शांतपणे वाचा. घाई नको." माणूस वाचतो. अण्णा त्याच्या तोंडाकडे बघत राहतात आणि मग विचारतात, "काय राहिलंय यात?" समोरचा बिचारा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला असतो. तो म्हणतो, "काका, ओटीपी राहिलाय."

हे पुस्तक एका निवृत्त प्राध्यापकांनी लिहिलेलं आहे. सिन्नरच्या बाजूला एका खेड्यात गेलेलं त्यांचं लहानपण, शाळा, बाजार, जत्रा, असं सगळं त्यात आहे. पुस्तकाचं नाव मी सांगत नाही, कारण लेखक गंगापूर रोडला राहतात आणि मला त्यांच्या दारात पुन्हा उभं राहायचं नाही. अण्णांचं गाव तेच, शाळा तीच. आणि ते वाक्य असं: "विहिरीवर आम्ही रोजचे ठरलेले: बबन, शंकर, रहिमान, मी आणि आणखी एकजण."

संपलं. यापुढे लेखक विहिरीच्या पाण्याचं वर्णन करायला लागतात आणि अण्णांचा रक्तदाब वाढायला लागतो.

हा 'आणखी एकजण' म्हणजे अण्णा स्वतः, हे ओळखायला फार अक्कल लागत नव्हती. लहानपणीचा मित्र मोठा लेखक झाला, पुस्तकात सगळ्यांची नावं घातली आणि यांचंच विसरला. माणसाला लागणारच. काकूंनीही मला हेच सांगितलं होतं. "ह्यांचं नाव नाही आलं ना, म्हणून हे चाललंय. लग्नातसुद्धा एवढे रुसले नव्हते." अण्णांना थेट विचारलं, "तो तुम्हीच ना?" तर ते हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत. चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "रेकॉर्डवर आलं पाहिजे."

हे त्यांचं पेटंट वाक्य. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात कारकुनी करण्यात गेली. निवृत्त झाले, पण टेबल सोबत घेऊन आले. दूधवाला दोन दिवस येणार नसेल तर रेकॉर्डवर. जिन्यातला दिवा गेला तर रेकॉर्डवर. एकदा मी त्यांना सहज म्हणालो, आज उकडतंय, तर त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

सोसायटीतल्या टवाळांनी त्यांचं नावच 'आणखी एकजण' ठेवलं. पार्किंगमध्ये गाडी आडवी लागली की, "त्या आणखी एकजणाला सांगा, स्कूटर काढ म्हणावं." वास्तविक त्यांना स्कूटर चालवायची डॉक्टरांनी बंदी केली होती. पण ती विकायची नाही, आणि ती काढायचं काम वरच्या मजल्यावरच्या जावयाचं. म्हणजे माझं. मी त्यांचा जावई नाही, कुणी नाही. त्यांच्या डोक्यावर राहतो एवढाच माझा गुन्हा.

पुस्तकामुळे त्यांना आणखी एक नाद लागला. ते वाचनालयातून लहानपणावरची पुस्तकं आणायला लागले. मिळतील तेवढी. आत्मचरित्रं, आठवणी, सगळं. कुणाचं बालपण कोकणातलं, कुणाचं वऱ्हाडातलं, अण्णांना त्याचं काही नाही. ते आंबे वाचत नाहीत, नदी वाचत नाहीत, मास्तरांची छडी वाचत नाहीत. हातात पेन्सिल घेऊन ते फक्त मुलं मोजतात. मग संध्याकाळी मी ऑफिसातून दमून येतो आणि जिन्यात मला गाठतात.

"यातपण तेच. लिहिलंय, 'मी, गोविंदा आणि गल्लीतली इतर पोरं.' इतर पोरं म्हणजे कोण?"

"अण्णा, इतर म्हणजे इतर."

"त्यांना आईबाप नव्हते का?"

मी जिना चढायला लागतो. ते खालून म्हणतात, "बारशाला काय 'इतर' नाव ठेवलं होतं का त्यांचं?"

माझी मुलगी चौथीत आहे. तिला शाळेत 'माझे मित्रमैत्रिणी' असा निबंध होता. तिने लिहिलं, रिया, अनुष्का आणि बाकी सगळे मला आवडतात. तेवढ्यात ती काहीतरी द्यायला खाली गेली आणि दीड तासाने वर आली. निबंधात पूर्ण वर्गाची नावं होती, वडिलांच्या नावासह. ज्या मुलाने तिचा डबा सांडला होता त्याचंही होतं. बाईंनी शेरा मारला, 'निबंध लिही, हजेरी नको.' मुलगी रडत आली, बायको माझ्यावर चिडली आणि मी खाली जाऊन अण्णांवर चिडलो. अण्णा शांतपणे म्हणाले, "एकाचं नाव राहिलं होतं. परवा शाळा सोडून गेला तो. ते मी घालायला लावलं."

आणि टाकी साफ केल्याची ती नोटीस. सेक्रेटरींनी बोर्डावर लावली होती, 'पाटील, शेख, कुलकर्णी व इतर सभासदांचे आभार.' अण्णांनी मीटिंग अडवून धरली. इतर कोण, ते लिहा. आता गंमत अशी की टाकी साफ झाली त्या दिवशी अण्णा भाचीच्या लग्नाला पुण्याला होते. 'इतर'मध्ये ते नव्हतेच. मला तेव्हा जरा विचित्र वाटलं. पण मीटिंग रात्रीच्या जेवणाच्या वेळेला चालू होती आणि भुकेल्या माणसाला फार विचार करता येत नाही.

अशात पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, की त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय. अण्णा सकाळी सातला पेपर घेऊन वर आले. मी तोंडात ब्रश घेऊन दार उघडलं.

"आता चान्स हाय," अण्णा म्हणाले. एरवी ते शहरी बोलतात. 'हाय' आलं म्हणजे प्रकरण गंभीर. "छापून झाल्यावर काय उपयोग नाय. आत्ताच घातलं पाहिजे."

मी लेखकांचा नंबर मिळवला, लावून दिला. पलीकडून "हॅलो" आलं आणि अण्णांनी फोन बंद केला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा लेखकांनीच मला उलटा फोन करून झापलं. अण्णा म्हणाले, "फोनवर नको. समक्ष बोललं पाहिजे. रविवारी जाऊ." रविवार माझा होता, गाडी चालवणार मी होतो, पण हे विचारायची पद्धत आमच्या इमारतीत नाही.

रविवारी अण्णा खाली उतरले ते निरोप समारंभातला कोट घालून. मे महिना. हातात अर्धा किलो चिवडा आणि काखेत पुस्तक. काकू दारातून म्हणाल्या, "यांचं नाव छापायला लावा बाबा एकदाचं. नाहीतर त्या प्राध्यापकाला सांगा, यांना तिकडेच ठेवून घे." नाशिकरोडहून गंगापूर रोडपर्यंत अण्णा माझ्या कानात भाषणाची तालीम करत होते. 'आदरणीय सर' पासून सुरुवात करायची की 'काय रे भाश्या' पासून, यावरच तीन सिग्नल गेले.

दार लेखकांनी स्वतः उघडलं. पांढरे केस, हातात जाड भिंग. अण्णा 'आदरणीय' म्हणाले आणि अडकले. कोटाच्या आत घामाने भिजलेले. मला त्यांची दया यायला लागली आणि दया येतेय म्हणून रागही यायला लागला.

लेखकांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "का रे, तू वश्या ना? तुकारामदादांचा?"

अण्णांना वश्या म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. अण्णा एकदम शाळकरी पोरासारखे हसले. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी चिवडा पुढे केला.

आम्ही बसलो. पाणी आलं. मी ठरवलं होतं की विषय आपणच काढायचा आणि तासाभरात घरी जायचं. मी म्हणालो, "सर, तुमच्या पुस्तकात यांचं नाव राहिलंय. दुसऱ्या आवृत्तीत आलं तर बरं होईल. यांना फार लागून राहिलंय."

लेखक चकित झाले. "वश्याचं? आहे की. विहिरीचंच प्रकरण, पहिलंच पान." त्यांनी पुस्तक घेतलं, पानं मागे उलटली आणि भिंग लावून वाचलं. "'वश्या पाण्याला भ्यायचा. तो काठावर बसून आमचे कपडे राखायचा.' हा बघ. राग आला का रे? काढून टाकू?"

"नाय, नाय," अण्णा म्हणाले. "ते बरोबरच हाय. मी भ्यायचोच."

मी अण्णांकडे बघत राहिलो. एवढे महिने आख्ख्या सोसायटीने ते एक वाक्य वाचलं होतं. आधीची दोन पानं कुणीच उलटली नव्हती. मी तर नाहीच. आणि दारावरच्या 'व. तु. आव्हाड' या पाटीतला वश्या कुणाला दिसणार?

"मग कुणाचं नाव घालायचंय?" लेखकांनी विचारलं.

अण्णांनी आपलं नेहमीचं पान काढलं आणि बोट ठेवलं. "हा आणखी एकजण."

लेखकांनी वाचलं. भिंग खाली ठेवलं. "तो लहानगा," ते म्हणाले. "कठड्यावरून उडी मारायचा. आम्ही सगळे मोठे, पण तेवढ्या उंचावरून कुणाची छाती व्हायची नाही. खोटं नाही बोलत वश्या, लिहिताना चार दिवस अडून बसलो होतो मी. तो डोळ्यापुढे होता. नाव काही केल्या आठवेना. विचारणार कुणाला? बबन नाही, शंकर नाही. रहिमानचा पत्ता नाही. तू कुठे आहेस तेही माहीत नव्हतं. तुझा भाऊच ना तो?"

"धाकटा. चिंधू."

"चिंधू," लेखक म्हणाले. "चिंधू. खरंच की."

"त्याच पावसाळ्यात तापानं गेला," अण्णा मला म्हणाले, जणू मी हिशेब विचारला होता. "आईनं सांगून ठेवलं होतं, घरात त्याचं नाव काढायचं नाय. कुणी काढलं की ती दोन-दोन दिवस जेवायची नाय. मग सवयच गेली. आई जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. पण तोंडातून येईचना. हिला पण माहीत नाय. शाळेत त्याला घातला नव्हता अजून. फोटो तेव्हा कोण काढतंय?"

या माणसाला आपण जिन्यात किती वेळा टाळलं, तेवढं फक्त मला आठवत होतं.

लेखकांनी टेबलावरून छापायला जायची प्रत ओढली, पेन उघडलं आणि ते दोन शब्द खोडून वर लिहिलं, चिंधू. अण्णा वाकून बघत होते.

"पूर्ण घाल," अण्णा म्हणाले. 'सर' केव्हाच गळून पडलं होतं. "चिंधू तुकाराम आव्हाड."

लेखक हसले. "अरे, बबन, शंकर, रहिमान, आणि मध्येच चिंधू तुकाराम आव्हाड? वाक्य कसं दिसेल ते? बाकी सगळ्यांची नुसती नावं आहेत."

"बाकीच्यांची दुसरीकडं हायेत ना," अण्णा म्हणाले. "लग्नपत्रिकेत हायेत, सातबाऱ्यावर हायेत, लाइटबिलावर हायेत. त्याचं एवढंच हाय."

लेखकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर नीट काढत पूर्ण नाव लिहिलं. मग प्रत अण्णांपुढे सरकवली. अण्णांनी ते बोट ठेवून वाचलं. चिवडा तसाच राहिला. आम्ही निघालो तेव्हा लेखक फाटकापर्यंत आले आणि अण्णांचा हात धरून उभे राहिले. मी गाडी पुसत बसलो, ती स्वच्छ होती तरी.

परतताना अण्णांच्या सूचना बंद. डावीकडून घ्या नाही, रिक्षा बघा नाही. द्वारका चौकात नेहमीसारखी गर्दी तुंबली होती. ट्रक, रिक्षा, सगळे एकमेकांत अडकलेले. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "अण्णा, दिसायला कसा होता हो चिंधू?"



"कठड्यावर उभा राहिला की मागं वळून मला म्हणायचा, दादा, बघ हां. मी बघायचो. मग तो तिकडं तोंड करून उडी घ्यायचा." मागच्या सीटवरून अण्णांचा आवाज हॉर्नमध्ये नीट ऐकू येत नव्हता, म्हणून मी मान मागे केली. "ती पाठ दिसते मला अजून. खाली पाणी उडतं ते दिसतं. तोंड मात्र आता नाय आठवत."