शिफारसपत्र, गोल शिक्क्यासह

विजयकुमार बोरस्ते त्या दिवशी नुसतं "मी बघतो" म्हणाले आणि तिथेच सगळं बिघडलं. (नवऱ्याने 'मी बघतो' म्हणू नये, असा ठराव शर्मिलाने लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मांडला होता. तो बहुमताने मंजूर व्हायचा राहिला, कारण घरात मतं दोनच.)

बघायचं होतं ते एक पत्र. त्यांची एकुलती एक चारुता जेद्दातल्या भारतीय शाळेत बारावीला होती आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी तिने अमेरिकेतलं एक कॉलेज शोधून काढलं होतं. तिथे पदवी आणि मेडिकल एकाला एक जोडलेलं, सलग आठ वर्षांचं.

आठ वर्षं! विजयकुमारांना हा आकडा पचत नव्हता. आत्ता आत्तापर्यंत ही पोरगी कॉर्निशवर त्यांच्या खांद्यावर बसून समुद्रातली जहाजं मोजायची. संध्याकाळी मगरिबच्या नमाजाला दुकानांची शटरं खाली आली की आइस्क्रीमसाठी भोकाड पसरायची, आणि बाप तिला घेऊन बंद शटरसमोर उभा राहून अल्लाघरच्या आणि देवाघरच्या सगळ्या गोष्टी सांगायचा. आता शटरं बंद होत नाहीत आणि पोरगी रडत नाही. दोन्ही गोष्टींचं विजयकुमारांना मनातून वाईट वाटायचं.

तर, अर्जाला सगळं जोडून झालं होतं. राहिलं होतं एकच: शाळेबाहेरच्या, चारुताला जवळून ओळखणाऱ्या माणसाचं रेकमेंडेशन लेटर. ते देणार होत्या डॉक्टर फरहाना. त्यांच्या दवाखान्यात चारुताने दोन उन्हाळे काढले होते. पण फरहानाबाई भाचीच्या लग्नाला म्हसळ्याला गेलेल्या, गावात नेटवर्क बेभरवशाचं, आणि मुदत उरलेली दोन दिवस.

"डॉक्टर आंटी विल सेंड इट, बाबा," चारुता म्हणाली. "डोन्ट वरी."

"मी बघतो," बाबा म्हणाले.

याला कारण होतं. विजयकुमारांच्या डोक्यात शिफारसपत्र म्हटलं की एकच चित्र यायचं. बारावीला त्यांचं मेडिकल तीन मार्कांनी हुकलं, तेव्हा त्यांचे वडील, अण्णा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून नाशकातल्या एका आमदाराच्या व्हरांड्यात चार तास ताटकळत उभे राहिले होते आणि 'मुलगा सुशील आहे' एवढ्या मजकुराची चिठ्ठी घेऊन आले होते. कॉलेजच्या कारकुनाने ती न वाचताच खणात टाकली. डॉक्टर न झाल्याचं विजयकुमारांना फारसं दुःख नव्हतं. पण त्यानंतर आठवडाभर अण्णांनी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही, ते मात्र अजून टोचायचं. चिठ्ठीवर शिक्का नव्हता म्हणून घोळ झाला, असा त्यांचा तेव्हापासूनचा निष्कर्ष होता. सौदीतल्या एकोणीस वर्षांनी तो पक्काच करून टाकला. इथे कागदावर काय लिहिलंय हे कोण विचारतं? गोल शिक्का असला की खलास!

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसने राबिघला कामावर पोचल्या पोचल्या त्यांनी ऑफिसात मुझम्मिलला गाठलं. हा राजापूरचा. सगळ्यांच्या इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, आणि व्हिसाची पत्रं तोच टाइप करायचा.

"मुझम्मिलभाई, पोरीसाठी शिफारसपत्र पाहिजे. डॉक्टरकीला."

"तुमी चाय पिया वो, विजयभाय! लेटर म्हंजे आपल्या डाव्या हातचा मळ हाय. कुठच्या मुदीराला, म्हंजे सायबाला, द्यायचा?"

"अमेरिकेच्या."

"अमेरिकेचा मुदीर पण मुदीरच ना? पोरीचा नाव नि इकामा नंबर बोला. यल्ला!"

चहाचा कप रिकामा व्हायच्या आत अरबी पत्र तयार झालं. सोबत इंग्रजी तर्जुमा, दोन सह्या आणि निळाशार गोल शिक्का. तो शिक्का पाहून विजयकुमारांचे डोळे भरून आले. अण्णा, बघा, म्हणावं. इंग्रजी त्यांनी वरवर चाळलं. चारुताचं नाव होतं, 'गुड कंडक्ट' होतं, अजून काय पाहिजे? अर्जाचा पासवर्ड त्यांच्याकडे होताच. (घरातले सगळे पासवर्ड त्यांच्याकडे असतात. शर्मिलाच्या मते हाही एक मोठाच घोटाळा.) बसमधून परत येताना त्यांनी फोनवरूनच पत्र जोडलं आणि 'सबमिट' दाबून टाकलं.

घरी पोचले तर चारुता आनंदाने नाचत होती. "बाबा! आंटीचं लेटर आलं! सो ब्यूटिफुल! मी आत्ता अपलोड करते."

"त्याची आता गरज नाही," विजयकुमार बूट काढत म्हणाले. "तुझ्या बापाने काम केलंय."

चारुताने लॅपटॉप उघडला. पत्राची जागा एकच होती, ती भरलेली होती आणि अर्ज रवाना झालेला होता. तिने वाचायला सुरुवात केली, आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. पत्राचा मथितार्थ असा: पाइप फिटर चारुता विजयकुमार, अविवाहित, हिने आमच्याकडे वेल्डिंगच्या कामात साहाय्य केले असून तिची वर्तणूक चांगली आहे. तिच्या डॉक्टर होण्यास कंपनीची हरकत नाही. मात्र साठ दिवसांत ती कामावर परत न आल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही.

मुझम्मिलने कुण्या पाइप फिटरच्या सुट्टीच्या पत्रातलं फक्त नाव आणि नंबर बदलला होता.

"बाबा," चारुता म्हणाली, "व्हॉट हॅव यू डन?"

शर्मिलाने पाण्याचा ग्लास नवऱ्याच्या हातात कोंबला. विजयकुमार सोफ्याच्या कडेवर बसले आणि त्या पाण्याकडे बघत राहिले. पोरीची दोन वर्षांची मेहनत आपण एका शिक्क्यापायी मातीत घातली, हे त्यांना लख्ख कळलं. "मला वाटलं, मी तरी..." एवढंच म्हणाले आणि मग व्हरांडा, इस्त्रीचा शर्ट, खण असं सगळं तुटक तुटक सांगून मोकळे झाले. ही गोष्ट त्यांनी आजवर बायकोलाही सांगितली नव्हती.

मग चारुताने कॉलेजला मेल लिहायला घेतला. डॉक्टर फरहानांचं पत्र जोडलं आणि झालं ते सगळं खरं खरं लिहिलं. विजयकुमारांनी "मी एकदा वाचून बघतो" म्हटलं, तेव्हा दोघी एका सुरात "नको!" म्हणाल्या.

पुढचे चार महिने ते मुलीच्या लॅपटॉपच्या आसपासही फिरकले नाहीत. फेब्रुवारीत मुलाखत झाली तेव्हा शर्मिलाने त्यांना भाजी आणायच्या निमित्ताने शराफियाच्या बाजारात पिटाळलं. मार्चमध्ये एका संध्याकाळी चारुता धावत आली आणि त्यांच्या गळ्यातच पडली. प्रवेश मिळाला होता. विजयकुमार हसले, मग रडले. मग आठ वर्षं आठवली आणि पुन्हा रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राबिघला बर्फी वाटली. मुझम्मिलला दोन तुकडे जास्त. "पत्र शेवटी लागू पडलं बरं का!" असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. पण मनातून धाकधूक होतीच. रात्रीच्या जेवणाला त्यांनी हळूच विचारलं, "चारू, खरं सांग. मुलाखतीत माझ्या पत्राचा विषय निघाला?"

"निघाला ना, बाबा. उसी से तो काम बना!"

"बघ शर्मिला!" त्यांची छाती फुगली. "काय म्हणाले ते?"

"त्यांनी विचारलं, आठ वर्षांचा कम्बाइन्ड कोर्सच का? आधी साधी डिग्री करून चार वर्षांनी मेडिकलला वेगळा अर्ज का नाही करत?" चारुता पोळीचा घास मोडत म्हणाली. "मी म्हणाले, सर, वेगळा अर्ज केला तर बाबा परत लेटर आणतील."