दौलतराव जमादारांनी सशाच्या पिलांस अन्नास लाविले त्याची हकीकत

ज्यांस तलवारींचा खणखणाट पाहिजे त्यांनी अन्यत्र जावे. येथे गवत आहे. मध्यभारत नामे नवे राज्य उभे राहिले, राजधानीचे पाय एके जागी ठरेनात, उन्हाळा इंदुरास तर हिवाळा ग्वाल्हेरीस, ऐशा समयी इंदुरचे मल्हारगंजांत जो घोर प्रसंग गुदरला, त्याची दाद कोणत्याही दरबारी लागली नाही, म्हणोन येथे साद्यंत लिहिला आहे. यांत तिखटमीठ कमी आहे, खीर जास्त आहे.

राजश्री दौलतराव जमादार हे पूर्वी सरकारी पागेवर होते. ते खाकरले की घोडे कान टवकारीत आणि मोतद्दार विड्या विझवीत. मग संस्थान विलीन जाहले, आणि पागा मोडली, आणि घोडे लिलावांत गेले, आणि जमादार पेन्शनीत निघाले. सुंभ जळाले, पीळ तेवढा राहिला. पहाटे उठोन मिशांस पीळ भरावा, पगडी चढवावी, आणि मग हुकूम द्यावा तो कोणास? कुटुंब इंदिराबाईसाहेब या हुकूम ऐकणाऱ्या जातीच्या नव्हेत. दारचे कुत्रेही हाकेस शेपूट हालवी आणि जागीच बसे. दिवस डोंगराएवढा वाटे, आणि आपण आता कोणाच्या कामाचे नाही, हे शल्य जमादारांस आंतून पोखरीत होते.

ऐशांत शेजारचे आप्पासाहेब, सचिवालयांतील बडे बाबू, दफ्तरासंगे ग्वाल्हेरीस निघण्याचे बेतांत होते. त्यांचेकडे सशाची एक पांढरी मादी होती, नाव तिचे राणी. ती त्यांनी जमादारांचे हवाली केली, आणि वर ताकीद दिली की सांभाळ न जाहल्यास राणीची रवानगी देपालपुरी मावसभावाचे मळ्यावर होईल. राणी गर्भार आहे हे सचिवालयास ठाऊक नव्हते. सचिवालयास बहुत गोष्टी ठाऊक नसतात. पुढे अंगणांतील खोक्यांत राणी प्रसूत जाहली, चार पिले जाहली, आणि जमादारांस पुन्हा पागा मिळाली. त्या दिवशी त्यांनी दाढी दोनदा केली.

पिलांनी डोळे उघडिले, ती खोक्यांत उड्या मारू लागली, तेव्हा त्यांस अन्नास कैसे लावावे यावर ओसरीवर खलबत बसले. जमादारांची मसलत अशी पडली की शिंगरू काय आणि ससा काय, चार पाय दोहोंस आहेत, सबब भिजविलेले हरभरे आणि गूळ, म्हणजे घोड्यांची चंदी, हाच शिरस्ता. इंदिराबाईसाहेबांनी फर्माविले की उष्टावणाआधी ज्याचे तोंडी दाणा गेला असे लेकरू या घरांत आजवर जाहले नाही आणि होणारही नाही. उष्टावण तर पहिला घास मामाने द्यावयाचा. मग मामा कोण? राणी आप्पासाहेबांचे घरची, म्हणजे तिचे माहेर ते, म्हणजे मामा आप्पासाहेबच, असा निवाडा जाहला, आणि त्या थोर गृहस्थाने तो मान खुशीने घेतला. चहूंकडे एवढी अक्कल सांडली असता राणी कोपऱ्यांत वाळलेले गवत चघळीत बसली होती. तिजकडे कोणी पाहिले नाही.

उलट तिजवर ठपका ठेविला. ती पहाटे क्षणभर पिलांस पाजी आणि दिवसभर तिकडे फिरकत नसे. सशांची रीतच ती. परंतु जमादारांस ही उघड कामचुकारी दिसली. त्यांनी राणीस मोरीपलीकडे वेगळे ठेविले आणि पिले टोपलींत घालून ओसरीवर छावणी दिली, की आता कवायत खाशांच्या नजरेखाली.

मुहूर्ताचे दिवशी पाट मांडिले, रांगोळी घातली, सराफ्यांतून चांदीची वाटी आली, तींत केशर घातलेली खीर, तींत सोन्याची अंगठी. मामासाहेबांनी अंगठी खिरींत बुडवून पहिल्या युवराजांचे मुखी लाविली, युवराज शिंकले. दुसऱ्यांनी मामासाहेबांचे नव्या खादीवर आपला अभिषेक केला. तिसऱ्यांनी वाटींत पाय दिला. चवथा सर्वांत लहान, कानावर काळा ठिपका असलेला. त्याचे तोंड जमादारांनी स्वहस्ते उघडून खीर घातली, आणि वर हरभऱ्याचे पीठ बोटाने चाटविले. बाहेर गल्लींतील बायकांनी वाहवा केली. उतावळा नवरा, गुडघ्यास बाशिंग, दुसरे काय!

दुसरे दिवशी फौजेची दैना उडाली. पोटे फुगली, पिले एकमेकांस बिलगून निपचित पडली, आणि ठिपक्या तर मान वर उचलीना. जमादारांनी ओव्याचे पाणी करविले, हिंग करविला, पोट शेकिले. एकही उपाय लागू पडेना. आप्पासाहेब येऊन पाहून गेले आणि देपालपुराकडे जाणारे कोणी आहे काय याची चौकशी करू लागले. जमादार टोपलीशी बसोन राहिले. जेवले नाहीत. घोडे लिलावांत गेले तेव्हा दोष सरकारचे माथी मारता आला होता. हा जीव आपले बोटाने मरत होता. मिशा भिजल्या, त्या त्यांनी पुसल्या नाहीत.

तेव्हा इंदिराबाईसाहेब जवळ येऊन बसल्या. खिरीचा दोष त्यांचाही होता, तो त्यांनी सरळ पदरीं घेतला. मग म्हणाल्या, "अहो, आपण सगळे शहाणे झालो. पण पिलांची आई तिथं बसलीय नं, तिला विचारलं का कुणी?"

 जमादार उठले, पगडी खुंटीस लाविली, खीर, चंदी, हिंग, ओवा यांस छावणीतून बरखास्त केले, आणि पिले राणीचे खोक्यांत नेऊन ठेविली. राणीने चौघांस हुंगिले, पाजिले, आणि काहीच न घडल्यागत आपल्या गवताकडे वळली. खोक्यांत सुके गवत आणि पाणी, याखेरीज काहीही जाऊ नये, जमादारांचा हातसुद्धा नाही, असा बंदोबस्त जाहला. या मोहिमेत याहून कठीण मोर्चा दुसरा नव्हता. ठिपक्या खोक्याचे कडेशी पडलेला, त्यास उचलावे, ऊब द्यावी, काही चाटवावे, म्हणोन हात शिवशिवत. जमादार दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत, आणि इंदिराबाईसाहेब पहाऱ्यास.

पोटे उतरली. तिघे आधी सावरले, आणि आई जेथे तोंड घाली तेथे तोंड घालू लागले. ठिपक्याचा भरवसा कोणास नव्हता. परंतु एके सकाळी राणी एक काडी ओढीत असता तो लडखडत उठला, तिचे ओठांतून लोंबणारे दुसरे टोक त्याने पकडिले, आणि कुरतडू लागला. काडी हळूहळू आंत गेली. जमादारांचे हात मांडीखालीच राहिले.

आप्पासाहेब ग्वाल्हेरीचे सामान बांधून निरोप घेण्यास आले होते. त्यांनी तमाशा पाहिला, देपालपुराचा विषय गिळला, आणि इंदुरी ढंगाने पुसिले, "वा भिया! अखेर हुकूम चालला कोणाचा?"

जमादारांनी राणीकडे मान वळविली. "हिचा," म्हणाले. "आम्ही हिच्या पागेवर आहो."

येणेप्रमाणे चारही युवराज अन्नास लागले, फत्ते जाहली, शत्रू म्हणावा असा कोणी हाती लागला नाही. साखर वाटिली ती माणसांत. या युद्धांत दौलतराव जमादारांचा पराक्रम तो हाच की त्यांनी काही केले नाही. आणि ते करावयास त्यांस जन्मांत एवढे बळ कधी लागले नव्हते.