गुन्हेगारानं जेवण चुकवू नये

ज्या समाजात चोरसुद्धा वेळेवर जेवतो, तो समाज सुसंस्कृत समजावा. या बाबतीत पॅरिसचा हात कुणी धरू शकणार नाही. तिथले निम्मे गुन्हे जेवणाआधी होतात, उरलेले जेवणानंतर. बारा ते दोन तिजोऱ्यांना कुणी बोट लावत नाही. (पोलिसांनाही तेवढीच विश्रांती.)

आन्सेल्म हा तिजोऱ्या फोडणारा, साठीला टेकलेला सद्‌गृहस्थ. धंद्याला लागणारं सगळं त्याच्यापाशी होतं: तिरपी हॅट, कॉलर उभी केलेला ओव्हरकोट, ओठाला चिकटलेली सिगरेट आणि कमी बोलण्याची सवय. दगा देणारी सुंदर बाई तेवढी मिळाली नव्हती (चांगल्या बायका सगळ्या सिनेमात गेल्या). आता एक शेवटचा हात मारून समुद्राकाठी टोमॅटो लावायचे, एवढीच त्याची इच्छा. यावेळी सापडला, तर मात्र उरलेलं म्हातारपण तुरुंगात जाणार होतं.

म्हणून त्यानं आजवर कुणाला न सुचलेली गोष्ट केली. मंगळवारी भर दुपारी, सगळं शहर जेवायला बसलेलं असताना, सराफाची तिजोरी फोडली.

"ही काय माणसानं काम करायची वेळ आहे?" साथीदार लेओन्स कुरकुरला. "पोटात कावळे ओरडतायत."

"गप रे. पुढं जन्मभर जेवायचंच आहे."

काम बिनबोभाट पार पडलं. ना साक्षीदार, ना ठसा. लेओन्सनं ऐवज आपल्या मावशीच्या तळघरात बटाट्यांखाली दडवला.

इकडे मादाम सोलांजच्या खाणावळीत आन्सेल्मची नेहमीची खुर्ची रिकामी होती. शेजारच्या टेबलावर फौजदार मोर्तिये जेवत होते. (त्यांनीच आन्सेल्मला दोनदा आत टाकलं होतं. तेव्हापासूनचा घरोबा.)

"आन्सेल्म आला नाही हो अजून," मादाम काळजीनं म्हणाली. "आणि आज तर वासराच्या मटणाचा रस्सा."

"आजारी असेल."

"आजारी असला की दोनदा वाढून घेतो तो."

फौजदारांचा काटा हवेतच थांबला. रश्शाच्या दिवशी गैरहजर राहायला दोनच कारणं संभवतात, मृत्यू किंवा गुन्हा. आणि आन्सेल्मच्या मृत्यूची वर्दी आलेली नव्हती. सबब गुन्हा सिद्ध झाला. कोणता, एवढंच कळायचं होतं. बाब तातडीची असल्यामुळे त्यांनी चीज भराभर संपवून लगेच कॉफी मागवली.

आन्सेल्मला पळायला वेळ भरपूर होता. पण उपाशीपोटी परागंदा होणं त्याच्या तत्त्वात बसेना. धापा टाकत तो खाणावळीत शिरला. "उरलाय का थोडा?"

"ये, बस," फौजदार म्हणाले. "आधी जेवून घे. बेड्या काय, मागाहून घालू."

आन्सेल्मनं दाराकडे पाहिलं, रश्शाकडे पाहिलं आणि बसला. टोमॅटो गेले याचं त्याला फार वाईट वाटलं. रस्सा मात्र उत्तम झाला होता.

"साथीदार कोण होता?" फौजदारांनी विचारलं.

आन्सेल्म पावानं ताटली पुसत राहिला. त्या धंद्यात फितुरीइतकं मोठं पाप नाही.

फौजदार अजून शोधतायत. ऐवज कुठं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही पापभीरू, कायदा पाळणारी माणसं. फौजदार दुपारी कुठं भेटतात, तेही तुम्हाला माहीत आहे. तरी मघापासून तुम्ही चकार शब्द काढलेला नाही. लेओन्स म्हणतो, माणसं आपल्यातलीच दिसतात.